कणीक, शाई आणि सबवूफर

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते. "अगं, तुमच्याकडे काही पडलं का? आमच्या मांडणीतली भांडी वाजतायत मघापासून." काही पडलं नव्हतं. बाबा तबल्याचं एक रेकॉर्डिंग ऐकत होते आणि चार दिवसांपूर्वी आणलेला सबवूफर कोपऱ्यात बसून आपलं काम करत होता. गंमत म्हणजे आम्हाला वरती आवाज मोठा वाटतच नव्हता. बाबांची तर तक्रार होती की डग्गा अजून नीट लागत नाही.

हा ब्लॉग नियमित वाचणाऱ्यांना माहीत आहे की माझा पीएचडीचा विषय ताणलेल्या पडद्यांची कंपनं हा आहे. म्हणजे कागदावर तरी या बाबतीत घरातली तज्ज्ञ मीच. पण आचोळ्यातल्या आमच्या साडेसोळा बाय दहा फुटांच्या हॉलमध्ये त्या डब्याने माझी चांगलीच जिरवली. शेवटी मी इतिहासाकडे वळले. घरात गाणं ऐकताना खालचा, खर्जातला आवाज कधी हरवला, कोणी परत आणला आणि त्याची किंमत काय मोजली, हे समजलं तेव्हा त्या डब्याची बटणं समजली. तुम्हीही सबवूफर घ्यायच्या विचारात असाल तर दुकानात जाण्याआधी हे वाचा.

आधी बाबांविषयी. ते वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं पॉवर प्रेसवर होते. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कानाचा आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचा भाग जातो. त्यामुळे 'स', 'त', 'क' ही व्यंजनं पुसट होतात आणि तबल्याच्या चाटीची टोकदार किनार बोथट होते. खालचे आवाज मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांच्या कानाला आता जे स्वच्छ मिळू शकतं ते खालचं, आणि आमचे पाच इंची स्पीकर नेमकं तेच देत नव्हते. म्हणून हा सगळा खटाटोप.

तर डग्गा हरवला कधी? खरं तर सुरुवातीला तो तबकडीत शिरलाच नव्हता. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्याला आला आणि गौहरजानसारख्या कलाकारांची ध्वनिमुद्रणं झाली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कलाकाराने कर्ण्याच्या तोंडाशी गायचं, त्या हवेच्या दाबाने एक पातळ पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीत खाच कोरायची. सगळं काम गळ्याच्या जोरावर. या यंत्रणेत साधारण २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा धड उतरत असे. डग्ग्याचा मूळ स्वर शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असतो. शंभर हर्ट्झची ध्वनिलहर साडेतीन मीटर लांब असते, आणि एवढी लहर त्या कर्ण्याला पकडताच येत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदांनाही हाच त्रास होता. डबल बास हे मोठं तंतुवाद्य काढून त्याच्या जागी ट्यूबा हे फुंकवाद्य वापरत, आणि मोठे ढोल शक्यतो टाळत.

मग जुन्या तबकड्यांवर ठेका कळतो कसा? इथे आपला कान एक चलाखी करतो. एखाद्या स्वराचा तळ काढून टाकला पण त्याचे वरचे स्वरांश शिल्लक ठेवले, तर मेंदू तो तळ स्वतःच भरून काढतो. फिलिप्स कंपनीतल्या यान स्काउटन या डच शास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास यावर प्रयोग करून ही गोष्ट पक्की मांडली. तुमच्या मोबाइलच्या टिकलीएवढ्या स्पीकरवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो याच कृपेने. हा मुद्दा ध्यानात असू द्या, पुढे उपयोगी पडणार आहे.

१९२५ मध्ये चित्र बदललं. बेल प्रयोगशाळेतल्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी विकसित केलेली विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी घेतली. आता मायक्रोफोन आला, अँप्लिफायर आला, पट्टा खाली शंभर हर्ट्झच्या आसपास आणि वर पाच हजारापर्यंत पसरला. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी एका नव्या स्पीकरचं वर्णन प्रसिद्ध केलं. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कागदी कोन. आज तुमच्या घरातला जवळजवळ प्रत्येक स्पीकर याच कुळातला आहे, सबवूफरसकट.

अहमदजान थिरकवाखाँसाहेब बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबला वाजवत. त्यांच्या एकल वादनाच्या ७८ आरपीएम तबकड्या या विद्युत जमान्यातल्या, म्हणून त्यांत डग्गा थोडाफार आहे. थोडाफारच. त्यातही घरात तबकडी वाजायची ती बहुधा चावीच्या, कर्ण्याच्या यंत्रावर. म्हणजे मुद्रणात जे होतं तेही कानापर्यंत पोचत नव्हतं.

१९४८ मध्ये एलपी आली, आणि तिच्यासोबत एक अडचण. खालचा स्वर कोरायचा तर सुईला आडवं खूप हलावं लागतं, खाच रुंद होते, आणि तबकडीवर मावणाऱ्या मिनिटांचा बळी जातो. म्हणून कोरताना खालचा भाग मुद्दाम दाबायचा आणि वाजवताना तेवढाच उचलायचा अशी पद्धत पडली. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाने त्याचं एक प्रमाण ठरवलं. त्यानुसार वाजवताना २० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ १९ डेसिबल उचल द्यावी लागते. यात डग्गा परत येतो खरा, पण त्याच्यासोबत टर्नटेबलच्या मोटरची घरघर आणि वाकड्या तबकडीचे हेलकावेही तेवढेच उचलले जातात. जुन्या तबकड्यांच्या डिजिटल प्रती सबवूफरवर वाजवल्या की जी अगम्य गुरगुर ऐकू येते, ती बहुतेक वेळा हीच असते. तो बेस नव्हे.

नंतरचा काळ झरझर. रेडिओ, टू-इन-वन, मग मोबाइल. यंत्रं लहान होत गेली आणि घरातला तळ पुन्हा गेला. त्याच काळात घराबाहेर मात्र तळाचा पूर आला. १९७४ च्या 'अर्थक्वेक' चित्रपटासाठी युनिव्हर्सलने थिएटरांत प्रचंड बेस स्पीकर बसवून भूकंपाचा आभास दिला, १९९२ पासून चित्रपटांच्या डिजिटल ध्वनीत खालच्या आवाजासाठी वेगळी वाट आली, आणि सबवूफर म्हणजे दणका हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. आमच्या भागात हळदीच्या रात्री डीजे लागला की खिडक्यांची तावदानं थरथरतात. दुकानदारालाही तेच माहीत. मी लॅमिंग्टन रोडवर सबवूफर बघायला गेले तेव्हा पहिलं वाक्य ऐकलं ते, "मॅडम, कोपऱ्यात ठेवा, दणका मिळेल." मला दणका नको होता, घिस्सा हवा होता. डग्ग्यावर मनगट सरकवून आवाज खालून वर ओढतात तो. सबवूफरची याहून कडक परीक्षा मला तरी माहीत नाही, कारण त्यात स्वर एका जागी थांबत नाही. मधली प्रत्येक पायरी सारख्याच वजनाने यावी लागते.

आता मुख्य प्रश्न. लहान वस्तूतून खोल आवाज काढायचा कसा?

याचं उत्तर बाबा रोज हाताने देत असत. भजनाला बसण्याआधी ते पखवाजाच्या डाव्या बाजूला, म्हणजे धुमेला, भिजवलेली कणीक थापायचे. कणीक वाढवली की आवाज खाली जातो, थोडी काढली की वर येतो. पडद्याचा ताण तोच, फक्त त्याला ओझं दिलं की तो सावकाश हलतो. भजन संपलं की कणीक खरवडून टाकायची. लहानपणी मला वाटायचं ही पोळीच असते आणि मृदंग ती खातो.

विज्ञानाच्या दृष्टीने या ओझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते सी. व्ही. रामन यांनी. कलकत्त्यात असताना १९२० मध्ये त्यांनी एस. कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं, आणि १९३४ मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. साध्या ढोलाच्या पडद्याचे स्वरांश एकमेकांशी बेसूर असतात, म्हणून त्यातून ठराविक स्वर निघत नाही. मधोमध शाई चढवली की मात्र ते सुरात येतात. रामन यांनी दाखवलं की अशा पडद्याची पहिली नऊ कंपनं मिळून पाचच सुसंवादी स्वर तयार होतात. शाईचे थर चढवून, घोटून हे साधणाऱ्या कारागिरांना ते अर्थात आधीपासून येत होतं. डग्ग्याची शाई मध्यापासून बाजूला सरकलेली असते, त्यामुळे त्याचं गणित जास्त किचकट. ते १९५७ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या बी. एस. रामकृष्ण यांनी केलं. अमेरिकेच्या अकौस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकातल्या त्या निबंधाच्या शीर्षकातच डग्गा आहे. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात या निबंधाशी मी सात महिने झगडले आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडं जास्त प्रेमाने लिहिलं गेलं तर चालवून घ्या.

स्पीकरचा कोन हाही एक पडदाच. त्याला जड करा, तो खाली उतरतो. पण किंमत असते. जड कोन हलवायला ताकद जास्त लागते, म्हणजे तेवढ्याच विजेत आवाज कमी येतो. शिवाय तोच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनाने चौपट हवा ढकलावी लागते. वर आणखी एक कटकट. कोनाच्या मागे बंद डबा असतो, आणि डबा लहान असला की आतली हवा ताठ स्प्रिंगसारखी कोनाला परत ढकलते. म्हणून १९५० पर्यंत चांगला बेस म्हणजे कपाटाएवढं खोकं.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी ही अडचणच कामाला लावली. त्यांनी कोनाची स्वतःची लवचीक कडा मुद्दाम सैल ठेवली आणि स्प्रिंगचं काम डब्यात कोंडलेल्या हवेवर सोपवलं. कापडाच्या नाहीतर कागदाच्या कडेपेक्षा हवेची स्प्रिंग जास्त इमानदार, कोन दूरवर हलला तरी आवाज फाटत नाही. त्यांचा एआर-१ हा फडताळावर मावणारा स्पीकर कपाटाएवढ्या खोक्यांच्या तोडीचा बेस देऊ लागला. पण वीज खायचा. विल्चरांच्याच वर्तुळातले अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा 'लोखंडी नियम' हेच सांगतो. लहान डबा, खोल आवाज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतील. तिसरी सोडायची. बाबांची कणीक आणि हा नियम एकच.

यापुढचं काम एका पीएचडीचं आहे, म्हणून ते सांगताना मला उगाच अभिमान वाटतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीले यांनी १९६१ मध्ये छिद्र असलेल्या डब्याचं गणित मांडलं, पण त्याकडे जगाचं लक्ष जायला दहा वर्षं लागली. मग रिचर्ड स्मॉल यांनी सिडनी विद्यापीठातल्या संशोधनातून १९७२-७३ मध्ये ते पुढे नेलं. कोनाचं वजन, कडेची लवचीकता, चुंबकाची पकड अशा मोजता येणाऱ्या मोजक्या आकड्यांवरून डबा केवढा हवा आणि तो किती खाली जाईल हे आता आधीच सांगता येतं. स्पीकरच्या माहितीपत्रकात थीले-स्मॉल म्हणून जे आकडे असतात ते हेच.

आता निवड. बाजारात दोन जाती दिसतात, पूर्ण बंद डबा आणि छिद्राचा डबा. छिद्राचा डबा एका ठराविक स्वराजवळ त्या छिद्रातल्या हवेलाही कामाला लावतो, म्हणून तेवढ्याच विजेत मोठा वाजतो. सिनेमाला झकास. पण त्या स्वराच्या खाली तो झपकन कोसळतो, आणि थाप थांबली तरी त्याची शेपटी रेंगाळते. बंद डबा हळूहळू उतरतो आणि थाप संपली की थांबतो. लहान खोलीत अगदी खालच्या आवाजाला भिंतींचीही मदत मिळते, त्यामुळे हा हळू उतार बराचसा भरून निघतो. डग्ग्यासाठी मी आठ इंची बंद डबा घेतला, सेकंडहँड. दहा-बारा इंची मोठा असतो म्हणून चांगला असं नाही. आमच्या हॉलला त्याची गरज नव्हती, आणि खाली काकू राहतात हे मला माहीत होतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं.

कारण आणल्यावर मी काय केलं? दुकानदार म्हणाला तसा कोपऱ्यात ठेवला. पीएचडी झाली तरी माणूस दुकानदाराचं ऐकतोच.

खोली हे तिसरं वाद्य आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लहर अडकून उभी राहते, आणि कोणत्या स्वराला हे होणार ते भिंतींमधलं अंतर ठरवतं. आमच्या हॉलची रुंदी दहा फूट, म्हणजे ५७ हर्ट्झ. छताची उंची साडेनऊ फूट, म्हणजे ६० हर्ट्झ. दोन्ही आकडे शेजारी, त्यामुळे त्या पट्ट्यात आवाज दुपटीने घुमतो. लांबी साडेसोळा फूट, तिचं दुसरं कंपन ६९ हर्ट्झला. या दुसऱ्या कंपनात भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे चारेक फुटांवर, आवाज जवळजवळ नाहीसा होतो. बाबांची खुर्ची भिंतीपासून बरोबर चार फुटांवर होती. म्हणजे घिस्सा वर चढताना ५८ ला भसकन फुगायचा आणि ६९ ला गायब व्हायचा. "डग्गा लागत नाही" असं ते म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. मी मात्र व्हॉल्यूम वाढवत होते, आणि कोपरा तर असा की तिथे ठेवलेला स्पीकर खोलीची सगळी कंपनं एकदम जागी करतो.

उपाय जुना आणि जरा हास्यास्पद आहे. सबवूफर उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, खालचे स्वर एकामागून एक वाजवायचे, आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे सगळे स्वर सारखे वाटतील तिथे सबवूफरची जागा. आवाज या बाजूने गेला काय नि त्या बाजूने, फरक पडत नाही, म्हणून हे चालतं. रविवारी दुपारी मी रांगत असताना काकू साखर मागायला आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, ही त्यांची कृपा. जागा निघाली ती लांब भिंतीच्या साधारण मधोमध, टीव्हीच्या टेबलाशेजारी. बाबांची खुर्ची दीड फूट मागे घेतली. ५८ चा फुगवटा अँपच्या इक्वलायझरने दाबला. तो असा दाबता येतो, पण ६९ चा खड्डा बटणाने भरता येत नाही, तिथे खुर्चीच हलवावी लागते. मुख्य स्पीकर आणि सबवूफर यांची वाटणी ८० हर्ट्झला ठेवली. त्याच्या खाली कानाला आवाजाची दिशा सहसा कळत नाही, त्यामुळे डग्गा एकीकडे नि चाटी दुसरीकडे असं वाटत नाही.

राहिला काकूंचा प्रश्न. मी त्यांच्या घरी मोबाइलवर आवाज मोजला होता, ४१ डेसिबल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्रीची मर्यादा ४५ आहे. म्हणजे कागदोपत्री मी निर्दोष! पण तो आकडा 'ए' पद्धतीचा असतो. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं होतं की हळू आवाजात कान खालच्या स्वरांना फार मंद असतो. ६० हर्ट्झचा आवाज १००० हर्ट्झच्या हळू आवाजाइतका वाटायला तीसेक डेसिबल जास्त लागतात. 'ए' पद्धत त्यावरूनच आली, आणि ती ६० हर्ट्झच्या आवाजातून २७ डेसिबल वजा करून टाकते. मोबाइलचा माइक खालचा आवाज मुळातच कमी पकडतो, ते वेगळं. त्यात भिंती नि स्लॅब वरचे आवाज अडवतात, खालचे सहज सोडतात. म्हणून काकूंना तबला ऐकू येत नव्हता, फक्त भांडी वाजत होती. त्यांना माझा आकडा दाखवायला मी गेले होते याची आता लाज वाटते. सबवूफरखाली जाड फोम घातला आहे, पण त्याने फक्त जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी नाही. खरा फरक पडला तो पातळी खाली आणल्याने आणि रात्री नऊनंतर बंद करण्याने. काकांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ते लवकर झोपतात. हेही मला त्या रांगण्याच्या दिवशीच कळलं.

परवा बाबांनी थिरकवाखाँसाहेबांची जुनी तबकडी लावायला सांगितली. त्यात तळाला जे काही आहे ती बहुतेक घरघरच, म्हणून मी सबवूफर हळूच बंद करून टाकला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. डावा तळवा खुर्चीच्या हातावर सरकत होता, जिथे डग्ग्यावर मनगट सरकतं तसाच. संपल्यावर म्हणाले, "आता बसला बघ डग्गा. आधी असाच ठेवायचास ना." डबा बंद होता हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते हा ब्लॉग वाचतात, तेव्हा आज कळेलच.